बंब धुमसतो आणि पाणी तापत नाही: तीन हिवाळ्यांत सापडलेली कारणं

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते ताडून बघता येईल. बंब पेटवला की पहिली दहा-पंधरा मिनिटं धूर वरून न जाता खालच्या तोंडातून अंगावर येतो. जाळ पिवळट आणि सुस्त असतो, फुंकणी बाजूला ठेवली की बसतो. पूर्वी अर्ध्या तासात कढत होणाऱ्या पाण्याला तास लागतो. आतल्या नळकांड्याला काळा, चकचकीत, डांबरासारखा थर धरतो. घासूनपुसून घेतलं की आठ दिवस बरे जातात आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच.

आमचं घर निफाड तालुक्यात, द्राक्षबागेला लागून. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी येते ना, ती थंडी आमच्या अंगणातली. गच्चीवर सोलर आहे, पण धुक्याच्या दिवसांत त्याचं पाणी कोमटच राहतं. पहाटे लाइटीचा भरवसा नाही. घरात सात माणसं, त्यांतली दोन सत्तरीच्या पुढची. त्यामुळे दिवाळी झाली की तीस लिटरचा तांब्याचा बंब माळ्यावरून खाली येतो आणि होळीपर्यंत रोज पेटतो. तो पेटवायचं काम लग्न झाल्यापासून माझ्याकडे आहे.

सलग तीन हिवाळे त्याने मला छळलं. दर वर्षी एक कारण सापडायचं, ते दुरुस्त केलं की वाटायचं, सुटलो. पुढच्या मार्गशीर्षात धूर परत हजर. कारणं तीन होती आणि एकमेकांत गुंतलेली होती, म्हणून एकेक दुरुस्त करून भागत नव्हतं.

त्याआधी बंबाच्या पोटात काय चालतं ते थोडं सांगते, कारण सगळा उलगडा तिथेच आहे. मधोमध उभं नळकांडं, त्याच्या तळाला बिडाची जाळी, जाळीखाली राखेची जागा. नळकांड्याच्या भोवती पाणी. लाकूड नळकांड्यात जळतं आणि तेच नळकांडं धुराडं म्हणूनही काम करतं. आता चुलीशी तुलना करा. चुलीची माती तापून लाल होते, त्यामुळे थोडं ओलसर लाकूडही तिथे रेटून जळतं. बंबात जाळाच्या भोवतीच्या तांब्यापलीकडे पाणी आहे. पाणी असेपर्यंत ते तांबं 100 अंशांच्या फारसं वर जाऊच शकत नाही, आणि पहाटे तर ते 15 अंशांवर असतं. म्हणजे जाळ एका थंडगार नळीत कोंडलेला असतो. धूर त्या भिंतीला लागला की तिथेच गार होतो, त्यातली वाफ आणि न जळलेला चीक भिंतीला चिकटतो. धूर गार झाला म्हणजे हलका राहत नाही. हलका नसेल तर वर चढत नाही. वर चढला नाही तर खालून ताजी हवा ओढली जात नाही, आणि हवा नाही म्हणून जाळ आणखी धुमसतो.

हे चक्र एकदा डोळ्यांपुढे आलं की पुढचं सगळं समजायला सोपं आहे.

पहिल्या वर्षी: ओल

आमच्याकडे सरपणाची वानवा नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या काड्या निघतात, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणीच्या. बांधावर बाभळी आहेत, एखादी मोडते, तिचे ओंडके होतात. त्या वर्षी पाऊस लांबला होता. खरड छाटणीचा ढीग भिजून गेला, म्हणून गोडी छाटणीच्या काड्या वापरायला काढल्या. दोन महिने उन्हात पडलेल्या, रंगाने तपकिरी, हातात कडक. वाळल्यात असंच कुणीही म्हणेल.

संशय आला तो आवाजावरून. काडी जाळात गेली की टोकाला फेस यायचा आणि चर्र आवाज यायचा. मी एक जुडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली, बरोबर किलोभर भरली. ती गच्चीवर पत्र्याखाली, वारं लागेल अशी ठेवली. पंधरा दिवसांनी तीच जुडी 680 ग्रॅम. म्हणजे किलोभर काडीत पाव किलोहून जास्त निव्वळ पाणी मी रोज बंबात घालत होते.

त्याचा हिशेब असा. एक लिटर पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात साधारण पंधरा लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर जातं. तीन-चार किलो ओल्या काड्या जाळल्या की दोन बादल्या आंघोळीचं पाणी हवेत उडवल्यासारखं झालं. वर ती वाफ थंड तांब्याला लागून चीक धरते, तो तोटा वेगळा.

मीटर नसेल तर ओल ओळखायच्या खुणा आपल्या हातात आहेत. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा: वाळलेल्या टणकन वाजतात, ओल्या थप्प करतात. टोकाला चिरा पडल्यात का बघा, साल नखाने सुटते का बघा. बाभळीचा ओंडका बाहेरून खडखडीत दिसतो, पण फोडल्यावर आतला भाग गालाला लावून बघा. गार लागला तर आत ओल आहे. काटा मात्र सगळ्यात खरा. वजन आठ दिवस उतरायचं थांबलं की लाकूड तयार झालं.

साठवणीत आमची चूक अशी की ढिगावर चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद ओढून दगड ठेवायचो. आतून त्याला घाम फुटायचा. आता मृगाच्या आधी, वैशाखाचं ऊन खाल्लेलं लाकूड फोडून, वीतभर लांबीचं करून पत्र्याच्या छपराखाली रचते. खाली दोन आडवे वासे, म्हणजे जमिनीची ओल चढत नाही. वरून झाकलेलं, बाजूंनी उघडं. बाभूळ मनगटाएवढी जाड असेल तर फोडतेच. न फोडलेला गोल ओंडका सालीच्या आत वर्षभर ओल धरून बसतो.

बागेच्या काड्यांवर वर्षभराची फवारणी बसलेली असते, म्हणून त्या मी मूठभर पेटवणीपुरत्याच घेते आणि तेही उघड्यावर. खरी उष्णता बाभूळ देते. आंबा आणि सुबाभूळ चालतात. तुराट्या, पऱ्हाट्या भसकन पेटतात आणि तितक्याच पटकन संपतात, त्या सुरुवातीला उत्तम. करवंट्या छान जळतात, पण एका वेळी एक-दोनच. गोवरी बंबात मला पटत नाही: राख फार होते आणि जाळी चोंदते. रंग दिलेलं जुनं दार, प्लायवूडचे तुकडे, पेटवणीला चपलेचा रबर किंवा दुधाची पिशवी, यांतलं काही म्हणजे काही घालू नका. तो विषारी धूर घरातल्या पोरांच्या छातीत जातो.

वाळलेलं लाकूड आलं. धूर निम्म्यावर आला. मी खूश झाले.

दुसऱ्या वर्षी: काजळी, राख आणि साळुंकी

पुढच्या हिवाळ्यात पहिल्याच दिवशी बंब पेटवला तर धूर वर जाईचना. लाकूड खडखडीत वाळलेलं. वरचं पत्र्याचं धुराडं काढून पाहिलं तर आत काड्या, पिसं, कापसाचे बोळे, एक चॉकलेटचा कागद. साळुंकीचं घरटं. पिल्लं कधीच उडून गेली होती, पण घरटं नळीत घट्ट बसलेलं. तेव्हापासून मोसमात पहिल्यांदा पेटवण्याआधी धुराड्यातून आरपार उजेड दिसतो का ते बघितल्याशिवाय काडी ओढत नाही. गांधीलमाशांचं पोळंही असू शकतं, म्हणून उघड्या हाताने चाचपू नका, आधी लांब काठीने ठोका.

घरटं काढलं, तरी पाण्याला वेळ लागतच होता. मग नळकांड्यात विजेरी मारून पाहिलं.

काजळी वाचता येते, हे मला त्या दिवशी कळलं. बोटाला लागणारी, मखमलीसारखी कोरडी, करडी-काळी भुकटी असेल तर जाळ बरा आहे, ती आठवड्याला झटकली की झालं. पापुद्र्यांसारखी सुटणारी, कुरकुरीत असेल तर लाकूड थोडं ओलसर आहे किंवा हवा कमी पडते. आणि काळी, चकचकीत, नखाने न निघणारी, उन्हात थोडी मऊ होणारी असेल तर ते जुनं दुखणं आहे. आमची तिसऱ्या जातीची होती. आदल्या वर्षीच्या ओल्या काड्यांचा चीक तसाच बसला होता आणि त्याच्यावर नवी काजळी चढत होती. म्हणजे लाकूड बदललं तरी जुना थर बदलला नव्हता. जाळ आणि पाणी यांच्यामध्ये घोंगडी पांघरल्यासारखं झालं होतं. त्यातच नळीचा घेर आतून कमी झालेला, त्यामुळे ओढही मंद.

हा थर काढायला मला दोन दुपारी लागल्या. बंब रिकामा करून अंगणात आडवा घातला, खाली जुनं पोतं. पहिल्यांदा लोखंडी तारेचा ब्रश घेतला तर तांब्यावर ओरखडे उठू लागले, तो ठेवून दिला. मग गरम पाण्यात कपडे धुण्याचा सोडा घोळून त्यात फडकं भिजवलं, ते नळकांड्यात बोळ्यासारखं कोंबून रात्रभर ठेवलं. सकाळी थराच्या कडा सुटल्या होत्या. बांबूची कामटी एका टोकाला धारदार तासून घेतली आणि वरून खाली ओढत गेले. काळे, काचेसारखे तुकडे पोत्यावर पडत होते, कोळशासारखे हलके, वासाला जळक्या डांबरासारखे. कामटी बोथट झाली की पुन्हा तासायची. शेवटी जुन्या काथ्याची दोरी गाठ मारून नळीतून आरपार घातली, एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने मुलगा, रवीच्या दोरीसारखी ओढली. आत पहिल्यांदा तांब्याचा लाल रंग दिसला. तोंडाला फडकं बांधून हे काम करा आणि हातात मोजे घाला.

ते तुकडे चुलीत टाकू नका. हा थर स्वतः पेट घेतो. धुराड्यात असा थर जाड झाला आणि एखाद्या दिवशी जाळ जोरात वर गेला तर आतली काजळीच पेटते, घोंघों आवाज येतो, पत्रा लाल होतो. तसं झालं तर खालचं तोंड आणि राखेची जागा बंद करून हवा तोडा, लेकरांना लांब करा. तापलेल्या नळीत वरून पाणी ओतू नका. छप्पर लाकडी किंवा पाचटाचं असेल तर ते पेटू नये म्हणून आधी त्याच्यावर पाणी मारा. धुराड्यापासून वासा, कडबा, वायर किमान हातभर लांब हवी. आमच्याकडे ती वीतभरावर होती, ते अंतर वाढवलं.

राखेकडेही माझं दुर्लक्ष होत होतं. जाळीखाली राख साचून तिला टेकली की खालून हवा येणं बंद, आणि वर बिडाची जाळीही तापून वाकते. आमची वाकलीच होती, नवी टाकली. आता रोज पेटवण्याआधी राख काढते. ती लोखंडी घमेल्यातच काढायची. वरून पांढरी, गार दिसणाऱ्या राखेच्या पोटात दुसऱ्या दिवसापर्यंत निखारा जिवंत राहू शकतो. प्लास्टिकच्या बादलीत किंवा कडब्याच्या गंजीजवळ ती ओतणं म्हणजे आग लावणंच आहे.

तिसऱ्या वर्षी: हवा, आणि नानांचं चक्कर येणं

हे लिहायला बसले ते खरं तर या भागासाठी. बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

मधल्या उन्हाळ्यात आम्ही न्हाणीघर नवीन केलं. फरशी, टाइल्स, सरकत्या काचेची खिडकी, भिंतीत एक्झॉस्ट पंखा. जुन्या न्हाणीत कौलांच्या फटींतून वारं यायचं, दाराखाली चार बोटं जागा होती. आम्हाला ती गैरसोय वाटायची. नवीन न्हाणी घट्ट. बंब नेहमीप्रमाणे कोपऱ्यात, धुराडं भिंतीतून बाहेर.

त्या हिवाळ्यात वाळलेलं लाकूड, स्वच्छ नळकांडं, नवी जाळी, तरी धूर आत. मी पंखा लावला. धूर आणखी वाढला. खूप दिवस मला हे कोडं उलगडेना. पंखा खोलीतली हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. दारं-खिडक्या बंद, मग सगळ्यात सोपा रस्ता कोणता? धुराडं. पंखा धुराड्यातूनच हवा आत ओढत होता आणि तिच्याबरोबर धूरही. तुमच्याकडे असं होतंय का ते बघायचं असेल तर पेटवण्याआधी बंबाच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर आत, वर ओढला गेला तर ओढ ठीक. तुमच्याकडे वळला तर हवा उलटी वाहतेय. मग पंखा बंद करून, खिडकी उघडून पुन्हा बघा.

हे समजेपर्यंत एक सकाळ अशी आली. नाना, माझे सासरे, आंघोळीला गेले. थंडी कडाक्याची, म्हणून त्यांनी खिडकी ओढून घेतली. दाराखालून गार वारं येतं म्हणून पायपुसणंही तिथे सरकवलं. जाळ बसला होता, नुसते निखारे होते, धूर नावाला नाही. दहा मिनिटांनी आईंनी हाक मारली, तर उत्तर नीट येईना. दार आतून लावलेलं नव्हतं, एवढं नशीब. नाना स्टुलावर भिंतीला टेकून बसलेले, डोळे उघडे. ‘डोकं गच्च झालंय गं, पायात बळच नाही,’ म्हणाले. आम्ही त्यांना पडवीत आणलं, घोंगडीत गुंडाळलं, मोकळ्या हवेवर बसवलं आणि लगेच दवाखान्यात नेलं. तिथे ऑक्सिजन लावला, संध्याकाळी घरी आले.

तो कार्बन मोनॉक्साइड होता. त्याला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असतो आणि तरी आतून गुदमरत असतो. आपण मानतो की धूर संपला, निखारे राहिले, आता धोका नाही. नेमके निखारेच हा वायू भरपूर सोडतात. खोली गरम ठेवायला निखाऱ्यांची शेगडी आत घेऊन, दारं लावून झोपणारी माणसं सकाळी उठत नाहीत, ती याच वायूने.

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, पाय गळून जाणं, यांतलं काहीही न्हाणीत जाणवलं तर आधी बाहेर या. बंब विझवत बसू नका. माणूस बेशुद्ध असेल तर आत जाणाऱ्याने दार-खिडकी सताड उघडावी, त्याला ओढून उघड्यावर आणावं आणि 108 ला फोन लावावा. बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा.

त्या दिवसापासून बंब न्हाणीत नाही. मागच्या पडवीत, तीन बाजूंनी उघड्या जागी ठेवलाय आणि पाणी बादलीने आत नेतो. दहा पावलं चालावं लागतं. माझं मत विचाराल तर घट्ट बांधलेल्या नवीन न्हाणीत बंब ठेवूच नये, कितीही उंच धुराडं असलं तरी. ज्यांना जागेअभावी आतच ठेवावा लागतो त्यांनी निदान आंघोळीआधी निखाऱ्यांसकट जाळ बाहेर काढावा, वर आणि खाली अशी दोन न मिटणारी भोकं भिंतीत पाडावीत, पंखा बंद ठेवावा आणि कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म लावावा. तो ऑनलाइन मिळतो.

पडवीत आल्यावर धुराड्याचाही विचार करावा लागला. ओढ ही गरम हवेच्या उभ्या खांबावर चालते: खांब जितका उंच आणि सरळ, तितकी ओढ जास्त. आमच्या जुन्या नळीला दोन काटकोनी वळणं होती आणि तिचं तोंड पत्र्याच्या वळचणीखालीच संपत होतं. वारं छपरावरून घसरून खाली आलं की धूर परत पडवीत. आता नळी सरळ वर नेऊन छपराच्या माथ्यापेक्षा हातभर उंच काढलीय. वरची टोपी नळीच्या तोंडावर बसवलेली होती, ती चार बोटं उचलून घेतली. सांधे उलटे होते तेही बदलले: वरची नळी खालच्या नळीच्या आत बसली पाहिजे, म्हणजे आत सुटलेला काळा ओघळ आतल्या आत खाली येतो, सांध्यातून बाहेर गळत नाही.

आता मी कसा पेटवते

पहिली पंधरा मिनिटं महत्त्वाची, कारण तेव्हा तांबं सगळ्यात गार असतं आणि चीक तेव्हाच सगळ्यात जास्त बसतो. रात्रीच बंब भरून ठेवायची सवय मी मोडली. गच्चीवरच्या टाकीचं पाणी पहाटे बर्फासारखं असतं, बोअरचं पाणी त्याच वेळी कोमट लागतं. लाइट असेल तर पहाटे थेट बोअरचं पाणी घेते. 15 अंशांचं पाणी 60 वर न्यायचं त्याऐवजी 25 अंशांचं न्यायचं, म्हणजे 45 अंशांची चढण 35 वर येते. शिवाय नळकांडं सुरुवातीपासून तेवढं कमी गार.

मग एक तुराटी पेटवून ती धुराड्याच्या बुडाशी अर्धा मिनिट धरते. नळीत रात्रभर साचलेली जड, गार हवा हलते आणि ओढ सुरू होते. त्यानंतर मूठभर काड्या आणि बाभळीच्या बोटाएवढ्या ढलप्या, मोकळ्या, एकमेकींवर आडव्या. जाळ लहान पण चटका देणारा, उजळ हवा. नळकांडं ठासून भरलं की हवेला वाट राहत नाही आणि लाकूड नुसतं भाजून धूर सोडतं. पाणी कोमट झालं की मग जाड ढलप्या, दोन-तीन एका वेळी. बाहेर जाऊन धुराड्याकडे बघायचं: सुरुवातीला पांढरा धूर येतो ती वाफ, तिला हरकत नाही. पंधरा मिनिटांनंतरही दाट पिवळट-करडा येत असेल तर लाकूड किंवा हवा, एक काहीतरी चुकतंय. आकाशापुढे नुसती हवा थरथरताना दिसली की जाळ जमला.

पाण्याच्या बाजूचं

आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार फार. नळकांड्याच्या पाण्याकडच्या अंगाला पांढरा खडबडीत थर बसतो, तोही उष्णता अडवतो. तापताना आतून खडखड, टकटक आवाज यायला लागला की ओळखायचं. मोसमातून एकदा दहा लिटर कोमट पाण्यात पाव किलो लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवून बंबात ओतते, वर पाणी भरते, जाळ न करता दोन-तीन तास ठेवते आणि मग तीन वेळा खळखळून धुते. संडास धुवायचं ॲसिड घालू नका, ते तोटीच्या पितळेला आणि डागांना खातं.

डाग म्हणजे सांधे. त्यांतलं कथील 232 अंशांना वितळतं, शिसं मिसळलं असेल तर त्याच्याही आधी. तांब्याला 1085 लागतात. पाणी असेपर्यंत सांधा सुरक्षित. तोटीने पाणी काढत गेलो, वर भरायचं विसरलो आणि खाली जाळ चालू राहिला तर पहिल्यांदा सांधा सुटतो. आमचा एकदा सुटला होता. डाग देणाऱ्या काकांनी बंब उन्हाकडे धरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘ताई, हा कोरडा जळलाय, तांबं निळं पडलंय बघा.’ नुसत्या रंगावरून त्यांना कळलं. त्यांचाच सल्ला: अर्ध्याच्या खाली पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि गेलंच तर आधी जाळ ओढून घ्यायचा, तापल्या बंबात गार पाणी ओतायचं नाही.

काही बंबांना तोटीऐवजी नरसाळं असतं: तांब्याभर गार पाणी ओतलं की दुसऱ्या तोंडातून तेवढंच गरम बाहेर येतं. तो प्रकार या बाबतीत चांगला, कायम भरलेला राहतो. पण त्याच्या बाहेरच्या तोंडाला सोय म्हणून कॉक किंवा पाइप बसवू नका. वाफेला जायला वाट उरली नाही तर बंब फुटतो. झाकणाच्या बंबालाही हेच लागू, झाकण सैलच असू द्या, त्यावर दगड नको.

होळीनंतर बंब ठेवताना पाणी पूर्ण निथळू देते, तोटी उघडी आणि झाकण बाजूला. राख कणभरही ठेवत नाही, कारण पावसाळ्यात ती ओल ओढते आणि जाळीला गंज चढतो. बाहेरून चिंच-मिठाने घासून, कोरडं पुसून माळ्यावर चढवते. धुराडं मात्र छपरावरच राहतं. साळुंकी परत येऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला फडकं बांधते, लाल रंगाचं, म्हणजे दिवाळीनंतर घरातलं कुणीही बंब पेटवायला गेलं तरी आधी ते दिसतं.